निमजे सरांचा आलेख

"हे लाल काय आहे?" उपासनी साहेबांनी माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं.

मी दचकलेच. मे महिन्यातली नागपूरची दुपार. कूलरमधलं पाणी संपलेलं, त्यामुळे तो नुसताच गरम वारा फेकत होता आणि त्याच्या आवाजात दार उघडलेलं मला कळलंच नव्हतं.

"कच्चं आहे सर अजून. स्क्रिप्ट पूर्ण व्हायची आहे."

"ते असू द्या. पण लाल म्हणजे काय?"

"हिरवे म्हणजे पोचलेले मेल. लाल म्हणजे आपल्या सर्व्हरने आत न घेतलेले."

स्क्रीनवर सहा महिन्यांचे बार ओळीने उभे होते. एकेका आठवड्याला एक. प्रत्येकाच्या तळाशी हिरवा रंग जेमतेम बोटभर, आणि त्याच्या डोक्यावर लाल, थेट वरच्या कडेला टेकलेला.

उपासनी साहेब सरळ झाले. चष्मा काढून त्यांनी रुमालाने पुसला. "उत्तम," ते म्हणाले. "मला हाच चार्ट हवाय. सोमवारी कार्यकारी मंडळापुढे हाच ठेवायचा."

आमची शिक्षणसंस्था बरीच जुनी. पाच कॉलेजं, दोन वसतिगृहं आणि या सगळ्यांची पत्रापत्री सांभाळणारा एक मेल सर्व्हर, जो मुख्य इमारतीच्या तळघरात होता. तो निमजे सरांनी उभा केलेला. पहिल्या दिवसापासून तेच तो बघत. उपासनी साहेब पुण्याहून जानेवारीत प्रशासकीय अधिकारी म्हणून आले आणि आल्या आल्या त्यांनी ठरवलं की मेलचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं. मंडळाला पटवायला त्यांना आकडे हवे होते, आणि आकड्यांपेक्षाही चित्रं. म्हणून मला बोलावणं आलं. मी तेव्हा करारावर होते.

काम तसं अवघड नव्हतं. सर्व्हरकडे येणाऱ्या आणि जाणाऱ्या प्रत्येक मेलची एक ओळ तो स्वतःच लिहून ठेवतो. कधी आला, कुणाकडून, कुणासाठी, पुढे त्याचं काय झालं. याला लॉग म्हणतात. अशा लाखो ओळी वाचणारी, त्यांची वर्गवारी करणारी आणि शेवटी बार काढणारी स्क्रिप्ट मी पर्ल या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहीत होते.

"सर, पण हे असं दाखवता येणार नाही," मी म्हणाले. "लाल म्हणजे बिघाड नाही. आपला सर्व्हर अनोळखी माणसाला पहिल्यांदा दारातच थांबवतो. थोड्या वेळाने पुन्हा या म्हणतो. ज्याचं खरंच काम असतं तो परत येतो आणि त्याचा मेल पोचतो. लॉटरी लागली म्हणून सांगणारे भामटे परत येत नाहीत. हे लाल बहुतेक तेच आहेत. आणि जे परत आले, त्यांचीही पहिली फेरी यात मोजली गेली आहे. ते मला अजून वेगळं काढायचंय."

उपासनी साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. आवाज कधी चढायचा नाही. "कळंबे मॅडम," ते म्हणाले, "मंडळात एका विषयाला पाच मिनिटं मिळतात. त्यात हे एवढं कोण ऐकणार? सर्व्हरने घेतले नाहीत, हे खरं आहे ना?"

"खरं आहे, पण..."

"मग झालं तर." दारापाशी जाऊन ते वळले. "तुमचा करार जूनमध्ये संपतोय, नाही का? बघू आपण. मी लक्षात ठेवलंय."

ते गेल्यावर मी कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं आणि तळघरात उतरले.

निमजे सर डबा खात होते. दुपारचे चार वाजून गेले होते. टेबलावर एका हाताला उघडा डबा, दुसऱ्या हाताला कीबोर्ड आणि मान वाकडी करून खांद्याशी धरलेला फोन. "हो मॅडम... फाइल मोठी आहे म्हणून जात नाही... नाही, तुमचं चुकलं नाही... मी इथून करतो ना." त्यांनी डाव्या हाताने काहीतरी टाइप केलं, उजव्या हातातल्या पोळीचा तुकडा तसाच वाळत होता.

सर पंचावन्न-छप्पन वर्षांचे असतील. उंच, वाकलेले, डोळ्यांखाली काळे डाग. मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा मला लिनक्सची काळी स्क्रीन पाहून घाम फुटायचा. मला सगळं शिकवलं ते यांनीच, आणि कधीही चिडले नाहीत. चिडायलासुद्धा अंगात काही लागतं, ते त्यांच्यात उरलेलं नाही, असं मला नंतर नंतर वाटायला लागलं होतं.

फोन ठेवल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. लाल बार, सोमवारची बैठक, बाहेरची कंपनी.

"तुम्ही बैठकीला या सर. दोन वाक्यांत सांगा त्यांना, तो दारातच थांबवायचा प्रकार काय आहे ते. तुमचं ऐकतील."

सरांनी पोळीचा तुकडा भाजीला लावला, पाहिला आणि परत डब्यात ठेवला.

"राहू दे ना लाल," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"राहू दे. तुला काय त्रास होऊन राहिला त्याचा?"

मला वाटलं त्यांना नीट कळलं नाही. "सर, याचा अर्थ असा होईल की तुम्ही इतकी वर्षं नापास सर्व्हर चालवला. बैठकीच्या इतिवृत्तात तसं लिहिलं जाईल."

"लिहू दे. कोण वाचते?" त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "संध्या, मी दोनदा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. तुला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. दोन्ही वेळा एकच शेरा आला. पर्यायी व्यवस्था झाल्यावर विचार करू. व्यवस्था कोण करणार? कोणीच नाही, कारण मी आहे. सर्व्हर गेला तर मी सुटतो. सरळ हिशेब आहे."

"पण तुमचं नाव..."

"बायको म्हणते, तुमच्याशी बोलायचं असेल तर आता मलाही मेल टाकावा लागते." ते थोडंसं हसले. "मागच्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा दवाखान्यात तिच्या उशाशी मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. परीक्षेचे दिवस होते. ती शुद्धीवर आली आणि पहिलं काय बोलली माहीत आहे? झालं का चालू, म्हणे. मी विचारलं, काय? तर म्हणे, तुमचं मशीन." सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि दोन्ही तळहातांनी डोळे चोळले, बराच वेळ. "थकलो गं मी. नाव खराब होते तर होऊ दे."

फोन पुन्हा वाजला. त्यांनी तो उचलला.

मी घरी गेले, स्वयंपाक केला, मुलीच्या पुस्तकांना कव्हरं घातली. नवरा तेव्हा चंद्रपूरला होता. हातानं कामं होत होती, पण डोक्यातून ते लाल बार हलत नव्हते. सरांचं म्हणणं मला समजत होतं. तरी ज्या माणसाने कधी एका प्राध्यापकाचं एक पत्र हरवू दिलं नाही, त्याच्या कामाला मी स्वतःच्या हाताने लाल रंग फासायचा, हे काही केल्या गळ्याखाली उतरेना.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. सगळे गेल्यावर मी स्क्रिप्ट पुन्हा उघडली. आधी लाल दुरुस्त केला. परत येऊन पोचलेले मेल हिरव्यात घातले, भामट्यांना वेगळा करडा रंग दिला. पुन्हा चालवली तेव्हा लाल उरला तो नखाएवढा. सर्व्हर उत्तम चालला होता. पण हे मंडळाला दाखवलं की सर अडकले, हेही तितकंच स्पष्ट होतं.

मग मला दुसरं एक सुचलं. सर्व्हर फक्त मेलच्या ओळी लिहीत नाही. कुणी त्याला हाताने थांबवलं, पुन्हा चालू केलं, मेलची अडकलेली रांग सोडवली, तर तेही लिहितो. आणि तिथे हात लावणारा माणूस एकच होता. मी स्क्रिप्टमध्ये चार-पाच ओळी घातल्या. मागच्या वर्षातल्या प्रत्येक दिवसाचा एक बारीक बार. त्या दिवशी सरांनी जितक्या वेळा सर्व्हरला हात लावला, तितकी त्याची उंची.

चित्र उमटलं आणि मी खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं होतं, रविवारी फटी दिसतील. नव्हत्या. दिवाळीत असतील म्हणून मी ऑक्टोबरवर आले. पाडव्याला बार होता, भाऊबीजेला होता. लागोपाठ दोन दिवस मोकळे असे क्वचित कुठे, आणि तेही बहुधा गावाची वीज गेली म्हणून. मार्चमध्ये सरांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, ऑपरेशनचा आठवडा होता. तिथे सगळ्या वर्षातले सर्वांत उंच बार उभे होते.

मला बरं वाटलं. वाटलं, आता काम झालं. पहिला चार्ट सांगेल की हा माणूस कामात कुठेही कमी पडला नाही. दुसरा सांगेल की आता याला सोडा. लाल रंग न लावता सर सुटतील, मान ताठ ठेवून सुटतील. दोन्ही चार्ट मी सोमवारच्या फाइलमध्ये घातले आणि उपासनी साहेबांना दाखवले नाहीत.

सोमवारी मंडळाच्या खोलीत एसी होता, त्यामुळे सगळेच जरा प्रसन्न होते. अध्यक्ष गोविंदराव सहारे मधल्या खुर्चीत. ऐंशीच्या घरातला माणूस, पांढरंशुभ्र धोतर, ऐकू थोडं कमी यायचं. निमजे सरांना उपासनी साहेबांनीच बोलावून घेतलं होतं, ते दाराजवळच्या खुर्चीत कडेला बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. त्यांना वाटत होतं, लाल येणार.

पडद्यावर हिरवा आला.

उपासनी साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे न बघता बोलायला लागले. काय मोजलं, कसं मोजलं, करडा रंग कशाचा. "थोडक्यात, सर्व्हरचं काम चोख आहे," मी म्हणाले. "पण ते एका माणसावर चालतं. ते या पुढच्या चित्रात दिसेल."

दुसरा चार्ट आला. मी एकेका ठिकाणी बोट ठेवून सांगितलं. हा रविवार. ही दिवाळी. हा एक मे. मार्चपाशी आले तेव्हा मी बोट तिथेच ठेवलं. "या आठवड्यात सरांच्या घरी मोठं ऑपरेशन होतं," मी म्हणाले. "एका माणसाकडून इतकं घेणं योग्य नाही. याला काहीतरी व्यवस्था हवी."

मी दाराजवळ पाहिलं. सर पडद्याकडे बघत होते. स्वतःचा एक्स-रे पहिल्यांदा बघणाऱ्या माणसासारखे.

सहारे साहेबांनी टेबलावर हात टेकवला आणि ते उभे राहिले. ते उभे राहिले म्हणून सगळेच उभे राहिले.

"अरे निमजे," ते म्हणाले. "तू कधी बोलला नाहीस रे! घरात बायको आजारी आणि तू संस्थेचं काम करत होतास? कुठे मिळतात आता अशी माणसं? आणि आपण काम बाहेर द्यायला निघालो?" ते उपासनी साहेबांकडे वळले. "हा विषय बंद करा. निमजेंना साठीपर्यंत मुदतवाढ द्या. ठराव लिहा."

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. अध्यक्षांच्या खोलीत पाहुण्यांसाठी शाली आणि नारळ ठेवलेले असतच, शिपाई पळत जाऊन घेऊन आला. त्या उन्हाळ्यात सहारे साहेबांनी स्वतःच्या हातांनी निमजे सरांच्या खांद्यांवर लोकरीची शाल घातली. सर वाकले. नारळ कसा धरायचा हे विसरल्यासारखे त्यांनी तो पोटाशी धरला. फोटो काढला गेला.

"दोन शब्द बोला," कोणी म्हणालं.

सरांनी ओठ हलवले. "आभारी आहे," एवढंच बाहेर आलं.

जिन्यात मी त्यांना गाठलं. "सर, मला वाटलं होतं..."

"मला माहीत आहे तुला काय वाटलं होतं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, राग नव्हताच. "चांगलं काढलंस गं. मी कधी असं पाहिलं नव्हतं." दोन पायऱ्या उतरून ते थांबले. "उद्यापासून दुपारी खाली येत जा. तुला सगळं दाखवून ठेवतो. पासवर्ड, बॅकअप, सगळं. मी पडलो-झडलो तर कोणाला तरी माहीत असलं पाहिजे."

मी रोज जाऊ लागले. ते शिकवत, मी लिहून घेई. शिकवताना ते कधी नव्हे इतके मोकळे झाले होते. मशीनच्या खोड्या सांगायचे, कुठला पंखा कधी अडतो, कुठल्या कॉलेजचं कोण उगीच घाबरतं आणि कुणाचं म्हणणं खरं मानायचं. मला वाटलं, कुणीतरी सोबतीला आलं म्हणून त्यांना हलकं वाटतंय. कॉलेजं सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात ते म्हणाले, "आता तुला सगळं येते." दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. टपालाने त्यांचा राजीनामा आला. या वेळी त्यांनी परवानगी मागितली नव्हती. नोटिशीचा काळ साठलेल्या रजेतून वळता करावा, एवढं एक वाक्य खाली होतं.

उपासनी साहेबांनी मला बोलावलं. "तुम्हाला येतं का हे सगळं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. खोटं बोलायचं कारण नव्हतं. त्या महिन्यात मी कायम झाले. आमच्याकडे पेढे वाटले. नवऱ्याने चंद्रपूरहून फोन करून तीनतीनदा अभिनंदन केलं.

गणपती गेले, दसरा आला. मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन मी दाराबाहेर, फोनवर एका प्राचार्यांना धीर देत ऐकलं. आई आजारी पडली तेव्हा अमरावतीला सकाळी गेले आणि दुपारच्या गाडीने परतले. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मेलची रांग अशी काही तुंबली की सकाळपासून मला उपाय सापडेना. शेवटी स्कूटी काढली आणि पाचपावलीला निमजे सरांच्या घरी निघाले. विचारायचं होतं ते होतंच, पण त्याहून जास्त मला भांडायचं होतं. वाटभर मी वाक्यं जुळवत होते. तुम्हाला माहीत होतं ना सर, हे माझ्या गळ्यात पडणार? मला शिकवताना तुमच्या मनात हेच होतं ना?

घर बैठं, पुढे छोटंसं अंगण. काकू तुळशीपाशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांना एकदोनदाच भेटले होते, पण त्यांनी लगेच ओळखलं.

"संध्या ना तू? ये ना बाप्पा, बस."

"सर आहेत?"

"हायेत ना. झोपले." त्यांनी आतल्या खोलीकडे हात केला. दार अर्धं उघडं होतं. खाटेवर सर कुशीवर झोपले होते. एक हात उशीखाली, तोंड थोडं उघडं, लहान मुलासारखे. अकरा वाजले होते. अंगणातलं ऊन त्यांच्या पायांवर पडलेलं, त्याचीही त्यांना जाणीव नव्हती.

"जून महिन्यापासून असेच झोपून राहिले," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "सकाळी उठते, चहा घेते, पेपर पाहते आणि पुन्हा झोपते. आधी मी लय घाबरली. डॉक्टरले दाखवलं. सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणे, काही झालं नाही यांना. झोपू द्या, म्हणे. जितकं झोपते तितकं झोपू द्या." त्या हसल्या. "आताशा थोडं बोलतेही माझ्याशी. काल मले म्हणे, तुझे केस कधी पांढरे झाले गं?"

जुळवलेली सगळी वाक्यं तोंडातच राहिली.

"उठवू का त्याइले?" काकूंनी विचारलं. "काही अर्जंट आहे का तुझं?"

मी पुन्हा एकदा दारातून आत पाहिलं.

"नाही काकू," मी म्हणाले. "इकडे आले होते, म्हणून सहज डोकावले. नका उठवू."

चहा घे म्हणून त्या मागे लागल्या, पण मी थांबले नाही. फाटक हळूच लोटून घेतलं. स्कूटी तिथेच सुरू केली असती तर त्या अरुंद गल्लीत मोठा आवाज झाला असता. म्हणून ती हाताने ढकलत मी गल्लीच्या तोंडापर्यंत नेली, आणि तिथे मोठ्या रस्त्यावर आल्यावर किक मारली.